चार शिडांच्या आत्या

घर बघायला गेलो त्या दिवशी मी त्यांना "काकू" म्हणाले आणि भाड्याची खोली हातची जाता जाता राहिली.

"काकू कुणाच्या नात्यानं?" त्यांनी विचारलं. "तुझ्या कुठल्या काकाशी लग्न झालंय माझं? मी लग्नच केलेलं नाही. आत्या म्हण. आत्या व्हायला नवरा लागत नाही."

तेव्हापासून त्या आत्या. गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचा बंगला होता. खाली त्या एकट्या आणि वरच्या मजल्यावर आम्ही दोघं. भाडेकरूंना लोक विचारतात, नॉनव्हेज खाता का, पाहुणे किती येतात. आत्यांनी विचारलं, "पोहता येतं का?"

माझा नवरा नाही म्हणाला. मी म्हणाले, "येतं. कळवणला आमची विहीर आहे."

"मग करार हिच्या नावावर करू," आत्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

सातपूरला त्यांचं फायबरचं वर्कशॉप होतं. पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, वॉचमनच्या केबिनी असलं सगळं तिथं बनायचं. निम्म्या नाशिकच्या गच्च्यांवर आपल्या टाक्या आहेत असं त्या सांगत, आणि ते खोटं नसावं, कारण त्यांच्याबरोबर रस्त्यानं चालणं म्हणजे मान वर करून चालणं. "ती बघ, ती माझी. झाकण उघडं टाकलंय मूर्खांनी!" एवढं बोलून थांबल्या तर बरं. आत्या सरळ त्या घराची बेल वाजवत. दार उघडणाऱ्या अनोळखी माणसाला "वर जा आणि झाकण लाव" असा हुकूम देत, आणि तो माणूस वर गेल्याशिवाय गेटवरून हलत नसत.

दुसरं वेड वाऱ्याचं. गच्चीवर एक जुनी लाल ओढणी त्यांनी काठीला बांधली होती. सकाळी उठल्यावर देवाआधी तिच्याकडे बघायच्या. "आपल्याकडचा वारा बेशिस्त नाही," त्या सांगत. "थंडी सरली की तो सकाळी झोपलेला असतो. दुपारी जेवून मग येतो, पश्चिमेकडून." जिना चढून भाडं मागायला त्या कधी आल्या नाहीत. पण वारा फिरला की सांगायला आवर्जून यायच्या.

हा वारा त्यांना कशाला हवा होता, ते मला पुढं कळलं.

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी वर्कशॉप भाच्याच्या हवाली केलं. शेडच्या मागं चार होड्या पालथ्या पडल्या होत्या. फार वर्षांपूर्वी एका रिसॉर्टवाल्यानं शिडाच्या छोट्या होड्यांची ऑर्डर दिली होती. दोन माणसं बसतील, गाडीच्या मागं ट्रॉलीवर घालून कुठंही नेता येतील अशा. आत्यांनी खपून साचा केला, होड्या काढल्या, आणि तोवर रिसॉर्टच बंद पडलं. तेव्हापासून त्यांच्याखाली मांजरी वीत होत्या. भाच्यानं शेड साफ करायला काढली आणि भंगारवाल्याला बोलावलं.

आत्या त्या दिवशी संध्याकाळी रिक्षातून उतरल्या त्या तोंड लाल करूनच. मी अंगणात होते.

"जन्मभर मी ज्या ज्या वस्तू बनवल्या, त्यांनी पाणी नुसतं साठवून ठेवलं," त्या म्हणाल्या. "पाण्यावर चालेल अशी एकच गोष्ट बनवली. आणि ती हा पोरगा किलोवर विकणार!"

दुसऱ्या दिवशी चारही होड्या आमच्या पार्किंगमध्ये येऊन पडल्या. माझ्या नवऱ्यानं मोटारसायकल रस्त्यावर लावायला सुरुवात केली, ती आम्ही घर सोडेपर्यंत.

एक होडी त्यांनी स्वतःला ठेवली. उरलेल्या तीन वाटून टाकल्या, पण एका अटीवर: चारही होड्यांनी मिळून सफरीला यायचं. पेठच्या वाटेवर डोंगरांत एक मोठं धरण आहे. भिंतीपासून फुगवट्याच्या शेवटच्या टोकापर्यंत शिडांवर जायचं, वाटेत दोन मुक्काम करायचे आणि टोकाच्या गावाला पोहोचायचं. एकटीनं का नाही जात, असं मी विचारलं. "एकटीनं गेलं तर ते वेड," त्या म्हणाल्या. "चौघांनी गेलं तर ती मोहीम."

एक होडी गेली समोरच्या बंगल्यातल्या डेंटिस्ट डॉक्टरांना. ते आणि त्यांची बायको दर सुट्टीला परदेशात जाऊन येत आणि आल्यावर कंटाळलेले दिसत. दुसरी गेली दिंडोरीच्या बाळूतात्यांना. द्राक्षबागेसाठी ते आत्यांच्या टाक्या नेत. त्यांना जोडीदार मिळेना, तेव्हा त्यांची सून प्रणाली म्हणाली, मी येते. तिसरी गेली रशीदभाईंना. त्यांचं जुन्या नाशकात ताडपत्री आणि मंडपाच्या कापडाचं दुकान. शिडं शिवायला आत्यांनी त्यांनाच गाठलं होतं. रशीदभाईंनी चार शिडं शिवली आणि मग म्हणाले, "आत्या, इतनी मेहनत के बाद मी काठावरून बघायचं का?" त्यांची बीवी शबानाभाभीही तयार झाली. तिला पोहणं येतं हे रशीदभाईंना लग्नाला वीस-बावीस वर्षं झाल्यावर तेव्हा कळलं. तिचं माहेर नदीकाठचं होतं, पण विषयच कधी निघाला नव्हता.

पोहण्याचा नियम आत्यांचाच. पोहता येत नाही त्याला होडीत जागा नाही. त्यामुळे माझा नवरा आपोआप बाद झाला आणि मी आत्यांची जोडीदार झाले. नवऱ्याला मात्र त्यांनी सगळ्यात अवघड काम दिलं. "होड्या पाण्यानं जाणार. मग ट्रॉल्या पलीकडच्या टोकाला कोण नेणार? गाड्यांचे मालक तर होडीत!" डॉक्टरांना हे सुचलंच नव्हतं. ते म्हणाले, "अरे हो!" आत्या म्हणाल्या, "असंच होतं. लोक जायचं ठरवतात, यायचं विसरतात." मग नवरा आणि तात्यांचे तीन पुतणे असे चौघं किनाऱ्याचे अधिकारी झाले. गाड्या आणि ट्रॉल्या त्यांच्याकडे, तंबू आणि शिधा होड्यांत.

दसऱ्यानंतर दर रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग. आत्यांनी फरशीवर खडूनं ते अख्खं धरण काढलं होतं. पश्चिमेच्या टोकाला त्यांनी मोठा स्टँडचा पंखा ठेवला. तो वारा. आणि मग त्या आम्हाला चालायला लावत. पंख्याच्या तोंडावर सरळ चालायचं नाही, शिडाची होडी तशी जातच नाही. आधी एका बाजूला तिरकं जायचं, मग वळून दुसऱ्या बाजूला तिरकं. डॉक्टर, डॉक्टरीणबाई, तात्या, सून, सगळे हातात ओढण्या धरून फरशीवर नागमोडी चालतायत, असं दृश्य गल्लीनं कित्येक रविवार पाहिलं. एकदा कुरिअरवाला पाकीट घेऊन आला. आत्या ओरडल्या, "पाण्यात पाय नको!" तो बिचारा उडी मारून मागं सरकला.

"सरळ रस्ता असताना वाकडं का जायचं, हे मला पटत नाही," डॉक्टर एकदा वैतागून म्हणाले.

"तुम्ही दाताला सरळ हात घालता का हो?" आत्यांनी विचारलं. "तोंड ज्या बाजूला उघडेल तिकडूनच जाता ना?"

परवानगीचं प्रकरण वेगळंच. आत्या अर्ज घेऊन गेल्या तेव्हा मी बरोबर होते. धरणाच्या कार्यालयातले साहेब भले होते, पण बुचकळ्यात पडले होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, त्या गावाला जायचंय कशासाठी?"

"पोहोचण्यासाठी."

"पण तिकडे डांबरी रस्ता आहे."

"रस्त्यानं मी जाऊन आले. चांगला आहे," आत्या म्हणाल्या. साहेब हसले. लाइफ जॅकेटं, फोन नंबर, पोलीस पाटलाला कळवणं, सगळं नीट विचारून घेतलं आणि दोन-तीन खेपांनंतर परवानगी दिली.

एका रविवारी आत्यांनी सगळ्यांना गोल बसवलं. कुणाला काय येतं हे विचारलं नाही. विचारलं, "कुणाला कशाची भीती वाटते?"

तात्यांना वीज पडण्याची. प्रणालीला, सासरे होडीतही "असं कर, तसं कर" म्हणतील याची. तात्या खाली बघायला लागले. आत्यांनी तिथंच निकाल दिला, "सुकाणू प्रणालीकडे. तात्या, तुम्ही फक्त दोरी धरायची आणि गप्प बसायचं." शबानाभाभी म्हणाली, "मला मागं राहण्याची भीती वाटते. सगळे पुढं निघून जातात आणि मग वळून बघतात ना, ते नको वाटतं."

"बरोबर आहे तुझं," आत्या म्हणाल्या. " मग ठरलं. सगळ्यात हळू होडी सगळ्यात पुढं. बाकीच्यांनी तिच्या मागं राहायचं."

मग डॉक्टरांनी विचारलं, "आणि आत्या, तुम्हाला?"

"मला?" आत्या म्हणाल्या. "मला पोहता येत नाही."

डॉक्टर म्हणाले, "अहो, पण नियम तुमचाच!"

"माझाच आहे. म्हणून तर सांगतेय. शिकून येईपर्यंत मीटिंग बंद."

आधी त्या पोहण्याच्या तलावावर गेल्या. तिथल्या शिकवणाऱ्यानं त्यांना उथळ बाजूला, लहान मुलांच्या रांगेत उभं केलं. आत्या तासाभरात घरी. "तिथं पाय टेकतात," त्या म्हणाल्या. "पाय टेकतात तिथं शिकून काय उपयोग? तुझी विहीर कुठाय म्हणालीस?"

दिवाळी होऊन गेली होती, विहिरी भरलेल्या होत्या. मी रजा टाकली आणि आत्यांना घेऊन माहेरी गेले. आमची विहीर पायऱ्यांची, आत उतरता येण्यासारखी. सदुसष्ट वर्षांच्या आत्या जुन्या सलवार-कमीजवर, पाठीला प्लास्टिकचा रिकामा डबा बांधून पायऱ्या उतरायला लागल्या तेव्हा कांद्याच्या वावरातल्या बाया काम टाकून काठावर जमल्या. माझी काकी कपाळाला हात लावून अहिराणीत म्हणाली, "ही बाई येडी शे का? या वयमा पव्हाले शिकी राहिनी!"

पहिल्या दिवशी आत्या पाण्यात उतरल्या आणि पायरीला अशा चिकटल्या की मला त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली. ओठ निळे पडले, पण वर यायला तयार नाहीत. दुसऱ्या दिवशी हात-पाय मारायला लागल्या. पाणी उडायचं खूप, पुढं सरकायच्या वीतभर. काठावरून सूचनांचा पाऊस. "पाय हालव, पाय!" "मान वर धर!" आत्या मधेच थांबून वर बघत आणि म्हणत, "एकेकीनं बोला."

मग एके दिवशी सकाळी त्यांनी पाठ माझ्याकडे केली. "हा डबा सोड."

"आत्या, अजून दोन दिवस..."

"हा डबा माझ्या वर्कशॉपमधला असता तर ठेवला असता. ह्या कंपनीवर माझा विश्वास नाही. सोड."

मी दोर सोडला. आत्यांनी पायरीला लाथ मारली आणि त्या सरळ खाली गेल्या. काकी किंचाळली. मी उडी मारणार एवढ्यात पांढरं डोकं वर आलं, तोंडातून पाण्याची चूळ उडाली आणि हात चालायला लागले. कुत्र्यासारखे, वेडेवाकडे, पण चालायला लागले. विहिरीचा पलीकडचा दगड त्यांनी धरला तेव्हा काठावर जी आरोळी उठली ती शेजारच्या मळ्यात ऐकू गेली. काकीनं स्वतःच्या अंगावरची शाल काढून त्यांना गुंडाळली. आत्यांचे दात वाजत होते.

"मी-मीटिंग बोलाव," त्या म्हणाल्या.

थंडीभर गंगापूरच्या बॅकवॉटरला सराव केला. त्यातला निम्मा सराव होड्या मुद्दाम उलटवण्याचा. "पडणं आधी शिकून घ्या, म्हणजे पडल्यावर वेळ जाणार नाही," हे आत्यांचं म्हणणं. होडीच्या पोटातून एक फळी खाली पाण्यात सोडलेली असते. होडी आडवी झाली की त्या फळीवर उभं राहून वजन टाकायचं, म्हणजे ती उठते. डॉक्टरांना हे शेवटपर्यंत कधी जमायचं, कधी नाही.

होळीच्या आधी निघालो. चार गाड्या, त्यातली चौथी वर्कशॉपची, त्यांच्यामागं चार ट्रॉल्या, त्यांवर चार पांढऱ्या होड्या आणि आडव्या बांधलेल्या डोलकाठ्या. पंचवटीतून पेठ रोडला लागलो तेव्हा भाजीवाल्या बाया उठून बघायला लागल्या. चहाला थांबलो तिथं एकानं विचारलं, "काय, मिरवणूक कुठल्या मंडळाची?" रशीदभाई म्हणाले, "आत्या मित्र मंडळ."

पहिला दिवस ठरल्यासारखा गेला. सकाळी पाणी आरशासारखं, वल्ही मारली. काठावरच्या एका झाडाखाली दशम्या खाल्ल्या. आणि हात धुतोय तोवर पश्चिमेकडून पाण्यावर काळसर रेघ आली आणि शिडं फुगली. आत्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू वारा त्यांनीच शिकवून पाठवलाय.

दुसऱ्या दिवशी मात्र तो जेवून नव्हे, भांडून आला. दोन डोंगरांमधल्या खिंडीसमोर आलो आणि बाजूनं एकदम धक्का बसला. आत्या ओरडल्या, "शीड सोड!" मी सोडत होते, पण दोरी कप्पीत अडकली. आभाळ तिरकं झालं आणि पुढच्या क्षणी कानात, नाकात गार पाणी.

मी वर आले तेव्हा होडी आडवी पडली होती, शीड पाण्यावर पसरलं होतं आणि आत्या दिसत नव्हत्या. मी हाक मारली. मग शिडाच्या पलीकडून खोकला ऐकू आला. आत्यांचं डोकं. चष्मा गेलेला, केस तोंडावर.

डॉक्टरांची होडी आमच्याकडे वळली. त्यांची बायको वल्हं पुढं करत होती. आत्यांनी एक हात वर केला. "लांब राहा! एकमेकांवर आपटू. हे माझं काम आहे!"

आणि त्या पोहत निघाल्या. त्याच कळवणच्या वेड्यावाकड्या हातांनी, शिडाला वळसा घालून होडीच्या तळाच्या बाजूला. फळी धरली, एक पाय टाकला, घसरल्या, पुन्हा टाकला. कुरकुरणारे गुडघे त्या फळीवर सरळ झाले. वरची कड पकडून आत्यांनी सगळं अंग मागं टाकलं. काहीच झालं नाही. मग पाण्यानं शीड सोडल्याचा 'फट्ट' असा आवाज आला, डोलकाठी वर आली, अजून वर, आणि होडी उभी राहिली. प्रणालीच्या होडीतून शिट्टी आली. ती तात्यांनी मारली होती.

मी आत चढले आणि आत्यांना ओढून घेतलं. त्या होडीच्या तळाशी पाण्यात बसून हसत होत्या. "उठली की नाही? सांग, उठली की नाही?"

मुक्कामाला पोहोचलो तेव्हा त्यांचं मनगट सुजलेलं होतं. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि तिथंच सांगितलं, "पुरे झालं. हे फ्रॅक्चर नसेल, पण वय बघा. किनाऱ्याच्या अधिकाऱ्यांना फोन करू, गाड्या इकडेच बोलावू." इतक्या महिन्यांचं सगळं त्या एका वाक्यावर येऊन थांबलं होतं.

आत्यांनी डोळे मिटले. "मी पडले आहे, माझं मत धरू नका. तुम्ही ठरवा."

शबानाभाभी चुलीपुढून उठली. "डॉक्टरसाब, टोक आता एकाच दिवसावर राहिलंय. थकायचंच आहे तर पुढं जाऊन थकू. आणि आत्यांनी आज काय केलं ते तुम्ही बघितलं ना? मी तर बघितलं."

"मनगट हलवायचं नाही मग," डॉक्टर म्हणाले. "सुकाणू हिनं धरायचं." म्हणजे मी.

शेवटच्या दिवशी सुकाणू माझ्या हातात होतं आणि चष्मा नसलेल्या आत्या गालावर वारा घेऊन मला दिशा सांगत होत्या. "जरा डावीकडे. आता बरोबर." त्या एकदाही चुकल्या नाहीत. शेवटच्या वळणापाशी वारा पाठीशी आला. चारही शिडं पूर्ण उघडली. सगळ्यांत पुढं शबानाभाभीची होडी, तिच्या मागं आमच्या तीन होड्या. डॉक्टर उभे राहून गात होते आणि त्यांची बायको त्यांना खाली बसवत होती. काठावर अख्खं गाव उभं होतं. नवरा आणि पुतणे ट्रॉल्या पाण्यात उतरवून तयार होते. भाभीची होडी वाळूला लागली तेव्हा ढोल वाजायला लागला. रशीदभाई उडी मारून उतरले आणि बायकोला हात देण्याआधी डोळे पुसायला लागले.

पाटलांनी नारळ दिला, पोरांनी होड्यांना हात लावून बघितलं. होड्या आता ट्रॉलीवर चढवायच्या होत्या, ऊन उतरत होतं. तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढं आली. अंगावर लुगडं, हातभर गोंदण. आत्यांच्याच वयाची असेल. तिनं होडीच्या कडेवर थाप मारली.

"बाई, ह्ये हाकायला लय जोर लागतो का गं?"

"जोर नाही लागत," आत्या म्हणाल्या. "पोहता येतं?"

"धरनाच्या काठाला जल्म गेला माझा," म्हातारी म्हणाली. "इचारतीस काय?"

आत्यांनी स्वतःचं लाइफ जॅकेट काढून तिला घातलं, माझं स्वतः घातलं आणि मला खाली उतरवलं. दोघी निघाल्या. आधी होडी काठाजवळच गिरक्या घेत राहिली, गाव हसायला लागलं. मग म्हातारीला सुकाणूच्या दांड्याचं मर्म सापडलं. शीड भरलं आणि होडी सरळ मधल्या पाण्याकडे निघाली. आत्या पुढच्या बाजूला, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून, तिच्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

नवऱ्यानं हाताचा कर्णा करून हाक मारली, "आत्याऽ, आता आणा! अंधार पडायच्या आत ट्रॉली बांधायचीय!"

"मला काय सांगतोस?" पाण्यावरून आत्यांचा आवाज आला. "होडी कोण हाकतंय, त्यांना विचार!"

म्हातारीनं मागं वळूनही बघितलं नाही.

"आजून येक फेरी!" ती ओरडली.